जळगावला पोचवायची जपानी गाडी

शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी काहीतरी लिहाच, असं गुरुजींचं तिसरं पत्र आलं तेव्हा नाही म्हणवेना. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाचं कोण वाचणार, आणि लिहायला बसलो की अजून गुरुजी पाठीमागे उभे आहेत असं वाटून मान आखडते. तरी आपल्या गावातून मुंबईला सगळेच जातात, काही बोटीवर जातात, पण खानदेशात कोणी जाऊन आल्याचं मी ऐकलेलं नाही. मी दिवाळीनंतर पंधरा दिवस जाऊन आलो. तिथल्या माणसांनी मला तळहातावर ठेवलं. आणि जे काम घेऊन गेलो त्याची माझ्या डोळ्यांदेखत माती झाली. शेवट चांगला नाही हे आधीच सांगतो, म्हणजे वाचताना कोणी आशा धरणार नाही. मी धरली होती.

गाडी

ताडदेवला दादा परबांच्या गॅरेजात मी बारा वर्षं आहे. दादा आपल्या कुडाळकडचे. मुंबईत उतरलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. त्यांनी ठेवून घेतलं, हातात पाना दिला, पुढे लग्नही त्यांनीच जमवलं. त्यांच्या शब्दाबाहेर मी गेलो नाही.

आमच्याकडे एक जपानी साहेब गाडी आणायचे. कापडाच्या गिरणीत यंत्रं बसवायला आलेले इंजिनिअर. गाडीही त्यांनी बोटीतून बरोबर आणलेली. दोन माणसांपुरती, वरून उघडी, बुटकी इतकी की शेजारी उभं राहिलं तर दरवाजा आपल्या मांडीला लागतो. स्टिअरिंग उजवीकडे, कारण जपानातही रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात. हे मला तोवर माहीत नव्हतं. का कोण जाणे, ते ऐकल्यापासून तो देश जवळचा वाटायला लागला.

आपल्याकडे गाडी म्हणजे काय, तर अँबॅसडर. सात माणसं, दोन ट्रंका आणि वर वळकट्या. ती बिचारी ओढते, तक्रार करत नाही. ही गाडी ओढायला केलेलीच नव्हती. इंजिन चार सिलिंडरचं, पण दोन कार्ब्युरेटर बाजूने आडवे बसवलेले, वॉल्व उघडझाप करणारा शाफ्ट थेट डोक्यावर, आणि ते डोकं म्हणजे हेड बिडाचं नाही, अॅल्युमिनियमचं. गिअर पाच. सावकाश चालवली तर घरात कोणी गुणगुणावं तसा आवाज. अर्ध्याच्या पुढे काटा गेला की तिचा गळा उघडायचा. दादा एरवी कुठल्याही गाडीला नावं ठेवणारे, पण ती चालू केली की बिडी विझवून उभे राहत.

साहेब मोडक्या हिंदीत सांगायचे. लढाई संपली तेव्हा त्यांच्या गावात शिजवायला भांडं नव्हतं, कारण भांडी लढाईसाठी वितळवली होती. त्यांचे वडील गाड्यांच्या कारखान्यात लागले. तिथे इंग्लंडहून खोकी यायची, त्यातले भाग काढून इंग्रजी गाडी जुळवायची. दरवर्षी एकेक भाग ही माणसं स्वतः करायला लागली आणि तेवढी खोकी कमी झाली. शेवटी खोकंच येईनासं झालं. मग त्यांनी ठरवलं की आता अशी गाडी करायची जिचा उपयोग काही नाही, फक्त चालवताना माणसाला बरं वाटावं. फुजी डोंगराच्या पायथ्याशी शर्यतीचा रस्ता आहे, तिथे अशा गाड्या पळतात. साहेबांचे वडील म्हातारपणी तिथे जाऊन बसत. बघत नसत, डोळे मिटून ऐकत.

मला त्यांचा हेवा वाटायचा. आपल्याकडेही लोक हुशार आहेत. पण आम्ही बारा वर्षं तेच हेड उघडतो आणि तेच बसवतो.

साहेबांची बदली झाली. गाडी घेतली जळगावच्या कांतिभाऊंनी. त्यांचं घराणं मूळ मारवाडातलं, चार पिढ्या जळगावात कापसाचा व्यापार आणि स्वतःची जिनिंग फॅक्टरी. कांतिभाऊ मुंबईत कॉलेजात असताना त्यांनी ही गाडी मरीन ड्राइव्हवर पाहिली होती, तेव्हापासून मनात होती. पोचवायला मी जायचं ठरलं, कारण तिचं काम मीच करायचो. जाण्याआधी साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि बोनेटवर हात ठेवून एवढंच सांगितलं, "या इंजिनाचा भाग या देशात मिळणार नाही. तापलं तर बंद करायचं आणि पाऊण तास थांबायचं. पाणी नाही. हात लावायचा नाही. थांबायचं." मी हो म्हटलं. तीनदा म्हटलं.

दादा म्हणाले, "पोचलंस काय तार कर. आणि कोनाक हात लावूक देव नको."

धुळे

कसारा घाटाबद्दल जास्त लिहीत नाही. आयुष्यात तेवढा एक तास मी सुखात होतो आणि ते लिहिताना आता बरं वाटत नाही. पाचवा गिअर घाटमाथ्यावर टाकला एवढं सांगतो.

नाशिकला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मालेगाववरून धुळ्यात शिरलो. आपल्याकडे दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही, झाड नाहीतर डोंगर नाहीतर कोणाचं कुंपण आडवं येतं. इथे काळी जमीन आभाळाला टेकेपर्यंत पसरलेली. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत दिसत असेल. पहिल्यांदा मला एवढ्या मोकळ्या जागेची भीतीच वाटली.

आग्रा रोडवर ट्रकवाल्यांच्या खाणावळीपाशी थांबलो तर पाच मिनिटांत पन्नास माणूस जमा. हात लावू नका, हात लावू नका, असं म्हणत मी गाडीभोवती फिरत होतो. एका ट्रकवाल्याने वाकून खाली बघितलं.

"कोठली शे ही?"

"जपानची."

"जपाननी. आणि बसतस कितला जन?"

"दोन."

"मंग बायको अन् पोरे मांगून चालत येतस का?"

सगळे हसले. मीही हसलो. खाणावळीच्या मालकाने मला आत नेऊन शेवभाजी वाढली. लाल तर्रीत बुडालेली जाड शेव आणि वर कच्चा कांदा. पहिल्या घासाला कानातून वाफ निघाली. आपलं तिखट नारळात भिजून येतं, हे उघडंवाघडं येतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं त्याने काही न बोलता दह्याची वाटी पुढे सरकवली. पुढच्या सगळ्या दिवसांत हेच झालं. मला काही व्हायच्या आधी कोणी ना कोणी वाटी पुढे सरकवलेली असायची. परक्या मुलखात माणूस अशाने मिंधा होतो. कोणालाच नाही म्हणायचं धाडस उरत नाही.

त्या दिवशी धुळ्यातच राहिलो. पांझरा नदीच्या काठी गाडी धुतली. पाणी थोडंच होतं.

धुळे ते अमळनेर

सरळ जळगावला न जाता अमळनेरवरून यायचं होतं. तिथे कांतिभाऊंची सासुरवाडी, सासऱ्यांना गाडी दाखवत या म्हणून त्यांचा निरोप होता. सकाळी निघालो. ऊन छान होतं, हवेत गारवा. रस्ता अरुंद, आणि त्या रस्त्यावर मला खानदेशचं खरं वैभव दिसलं. कापूस. बैलगाड्यांमागून बैलगाड्या. प्रत्येक गाडीला वर जाळी बांधून घराएवढा ढीग रचलेला, आणि जाळीतून कापूस निसटून रस्त्यावर, बाभळींवर, तारांवर अडकलेला. आमच्याकडे धुकं असतं तसं तिथे खालच्या हवेत पांढरं तरंगत होतं. मी दोन-तीनदा हात बाहेर काढून पकडलंही.

कळायला हवं होतं. बारा वर्षांचा मेकॅनिक मी. पण आपल्याकडे कापूस दिव्याच्या वातीपुरता. तो हवेत उडून रेडिएटरच्या बारीक जाळीवर बसतो, एकावर एक बसून घोंगडीसारखा थर होतो आणि वारा आत शिरायचा थांबतो, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. ट्रकचा रेडिएटर उंच असतो, जाळी ढोबळ. या गाडीचं तोंड जमिनीपासून हातभर वर. जे उडेल ते सगळं तिच्या तोंडात.

तापमानाचा काटा चढलेला दिसला तशी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. तिथे निंबाचं मोठं झाड होतं, शेजारी विहीर आणि दोन रांजण मांडलेले. बोनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत होती. पुढे वाकून बघतो तर जाळी दिसेचना, नुसती पांढरी गादी. ती मी हाताने ओढून काढली, उबदार होती. मग घड्याळ बघितलं. पाऊण तास.

झाडाखाली एक म्हातारे होते. शेजारच्या शेताचे मालक. त्यांची बायकापोरं शेतात कापूस वेचत होती, ते राखणीला बसलेले. नाव सांगितलं ते आता आठवत नाही, सगळे त्यांना आबा म्हणत होते. तिथे रोज दोन-तीन ट्रक तापून उभे राहतात आणि आबा त्यांना पाणी पाजतात. रांजण त्यासाठीच भरलेले. वीस वर्षं करतात. पुण्याचं काम म्हणून.

"गरम व्हई गयी का?"

"हो आबा. थोडा वेळ थांबतो."

"थांबशी मंग बस ना. भाकर खाय."

नको म्हटलं तर फडकं आधीच सुटलेलं. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, जाड आणि काळपट. वर वांग्याचं भरीत. तिथलं वांगं हिरवं, हातभर, काटक्यांवर भाजून लाकडी भांड्यात दांड्याने ठेचतात आणि त्यात कच्ची मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. मी सकाळपासून चहावर होतो. पहिला घास घेतला आणि मला आईची आठवण झाली. चव तशी नव्हती, आपल्याकडची नव्हतीच. पण आबा समोर बसून प्रत्येक घासाबरोबर माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कोकनमा काय खातस?"

"भात आणि मासे."

"रोज?"

"रोज."

"अरारा," आबा म्हणाले आणि अजून भरीत वाढलं.

मग ते उठले. मला वाटलं बायकांना हाक मारायला चालले. ते रांजणाकडे गेले, घागर भरली, खांद्यावरचं गोणपाट ओलं केलं आणि गाडीकडे निघाले.

मी बघितलं. हे मला लिहायचंच आहे, कारण आजवर दादांनाही नीट सांगितलेलं नाही. ते गाडीपाशी पोचेपर्यंत पंधरावीस पावलं होती. माझ्या तोंडात त्यांचा घास होता. मनात आलं, नको म्हणून ओरडावं. आणि त्याच वेळी मनात आलं, ज्यांचं अन्न खातो त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडायचं कसं, बायकामाणसं बघताहेत, ते फक्त वर वर पाणी शिंपडतील. मी घास गिळला आणि म्हटलं, "आबा, राहू द्या." हळू म्हटलं. जसं अजून भाकरी वाढताना म्हणतात तसं.

"तू जेव ना भाऊ. मी शे ना आठे." मी आहे ना इथे, म्हणजे. त्यांनी गोणपाटाने झाकण धरून फिरवलं, वाफेचा लोट निघाला, सराईतपणे तोंड बाजूला केलं आणि विहिरीचं गार पाणी सबंध घागर आत ओतलं.

आवाज मोठा नव्हता. काचेच्या पेल्यात कढत चहा ओतला की कधी होतो, तेवढा. आबांना ऐकू आला नसेल.

"आते बठ्ठं ठीक व्हई जाई," आता सगळं ठीक होईल, असं ते म्हणाले आणि माझ्याजवळ येऊन बसले. मी भाकरी संपवली. हात धुतले. त्यांच्या पाया पडलो. मग गाडी चालू केली तर मागून पांढरा धूर आला आणि इंजिन तीनच पायांवर लंगडायला लागलं.

अमळनेर

कापसाच्या एका रिकाम्या परतणाऱ्या ट्रकने बांधून ओढत नेलं. कांतिभाऊंच्या सासऱ्यांनी दारात रांगोळी काढून ठेवली होती. गाडी दोरीवरून आलेली बघूनही त्यांनी चेहरा पडू दिला नाही. जावयाला ट्रंककॉल लावला आणि मला सांगितलं, "मिस्त्री, आधी जेवा. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतं." जैन घर. उजेड असताना रात्रीचं जेवायची माझी पहिलीच वेळ. समोर बाहेर धुळीत बसलेली ती गाडी दिसत होती.

सकाळी ते मला उस्मान मिस्त्रींकडे घेऊन गेले. तेलाच्या गिरण्यांची यंत्रं त्या गावात जुनी, आणि फुटलेलं बीड शिवावं तर उस्मानभाईंनीच, असं सगळे सांगत. शिवणं म्हणजे खरंच शिवणं. तडा गेला तर त्याच्या रेषेवर एकाला एक खेटून भोकं पाडायची, त्यात आटे पाडून बारीक खिळे पिळायचे, वरून ठोकून सपाट करायचे. साठीतला माणूस, चष्म्याला दोरा.

हेड काढलं. उलटं करून पुसलं. दोन वॉल्वच्या मध्ये केसासारखी रेघ होती. उस्मानभाईंनी त्यावर बोट फिरवलं, मग नखाने ओरखडा काढला. नख रेघेत अडकलं नाही, तरी त्यांनी नकाराची मान हलवली.

"किसने पानी डाला?"

मी फडक्याने हेडची कड पुसत राहिलो.

"भाऊ, लोखंड असतं तर मी सकाळी शिवून दुपारी दिलं असतं. ये तो पतेली की धात है. इसको सुई लगाऊंगा तो ये मेरे को देखके रोएगी."

"करून बघा, उस्मानभाई."

"बघतो. पण मी नाही म्हटलं होतं, हे लक्षात ठेव."

तीन दिवस ते त्यावर वाकलेले होते. बाकीची कामं बाजूला ठेवली. पितळेचे खिळे स्वतः कातले, एकेक शेवईएवढा. मी त्यांच्यासमोर बसून कातायच्या पातीवर पाणी सोडायचो आणि खिळे मोजायचो. एकवीस. मध्येच थांबून त्यांनी ते हेड उन्हात धरलं आणि आतल्या वाटा बघितल्या, जिथून पेट्रोलची वाफ आत शिरते. कारखान्यात कोणीतरी हाताने घासून गुळगुळीत केलेल्या. कानशीचे बारीक घाव दिसत होते.

"किसी मिस्त्री ने किया है ये," ते म्हणाले. "मशीन ने नहीं." मग बराच वेळ त्यांनी ते खाली ठेवलं नाही. अख्ख्या खानदेशात ती गाडी काय आहे हे ज्याला कळलं असा तो एकच माणूस मला भेटला, आणि त्याला ती फुटल्यावर भेटली.

चौथ्या दिवशी बसवलं. किती आवळलं ते काट्यावर दाखवणाऱ्या, साहेबांनी दिलेल्या पान्याने एकेक बोल्ट क्रमाने आवळला. चालू केलं. चारी सिलिंडर बोलले. उस्मानभाईंनी कान जवळ नेला आणि हसले नाहीत.

"हळू ने."

"चालेल ना?"

"अल्ला मालिक. हळू ने."

धरणगावचा रस्ता

हळूच नेली. वीस मैलांच्या वर काटा जाऊ दिला नाही. समोरच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा बांधला होता आणि दर दोन मैलांना उतरून कापूस काढत होतो. बैलगाड्या मला मागे टाकत होत्या असं म्हटलं तर खोटं होईल, पण फार खोटं नाही. केळीच्या घडांनी भरलेला रावेरकडचा एक ट्रक समोरून आला, ड्रायव्हरने हॉर्न देऊन सलाम केला. उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता. मनात हिशेब चालला होता की एवढं पोचलं, तेवढं पोचलं. मी देवाला काय काय बोललो ते लिहीत नाही.

धरणगावच्या अलीकडे आरशात पांढरं दिसलं. वाटलं, कापूसच. वाटावं अशी इच्छा होती. थांबून तेलाची पट्टी काढली तर तिच्यावर ताकासारखं आलेलं. पाणी तेलात गेलं होतं. आणि चालू इंजिनाच्या पोटातून ठोका येत होता, दारावर कोणी बोटाच्या पेराने वाजवावं तसा. हेडच नाही, खालची बेअरिंगंही गेली. माझ्याच हाताने. जिथे रस्त्यात बंद करायला हवं होतं तिथे मी अजून एक मैल, अजून एक मैल करत आलो होतो.

बंद केलं. शेतात एक माणूस ट्रॅक्टर घेऊन होता, तो मी हाक न मारताच आला.

जळगाव

जिनिंग फॅक्टरीच्या आवारात गाडी ट्रॅक्टरमागून शिरली तेव्हा घरच्या बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, गाडी बंद आहे. कांतिभाऊंच्या आई म्हणाल्या, "असू दे, दारी आलेलीची पूजा करायचीच." बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मला पेढा दिला. कांतिभाऊंच्या वडिलांनी, ज्यांना सगळे बाबूजी म्हणत, गाडीला एक फेरी मारली आणि मागची डिकी उघडून बघितली. "इसमें माल कितना आएगा?" त्यांनी मला विचारलं. चेष्टेने नाही. खरंच विचारलं.

संध्याकाळी कांतिभाऊ एकटे भेटले तेव्हा मी सगळं सांगितलं. घागर, पंधरावीस पावलं, तोंडातला घास, धरणगावचे ते मैल. वाटलं होतं की शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अहो मिस्त्री, म्हाताऱ्याने चांगल्या मनाने केलं. तुम्ही तरी काय करणार? मशीनच आहे, बिघडणारच."

"दादांना सांगून जपानला पत्र घालू. हेड आणि बेअरिंगं मागवू."

"आयातीचं लायसन्स कोण देणार? आमच्या फॅक्टरीच्या यंत्राचा भाग दोन वर्षं दिल्लीत अडकलाय." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शेडमध्ये अँबॅसडरचं जुनं इंजिन पडलंय. गिअरबॉक्ससकट. बसेल का?"

मी शेडकडे बघितलं.

"गाडी चालली पाहिजे हो. अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय मी."

बसलं. बसवलं म्हणायचं. सहा दिवस लागले. ते इंजिन उंच, म्हणून इंजिन ज्यांवर टेकतं ते फौंडेशनचे कान छिन्नीने उडवले. बोनेट लागेना, तेव्हा मधून चौकोन कापला आणि वर पत्र्याची टोपी ठोकली. पाच गिअरचा डबा काढून चाराचा घातला. प्रत्येक घाव मीच घातला, कारण दुसऱ्या कोणी घातला असता तर त्याने आणखी वाकडा घातला असता, असं मी स्वतःला सांगत होतो. दुपारी घरातून मला ताट यायचं. दाल-बट्टी, तुपात चुरलेली. एकदा खापरावरचे मांडे, ज्यांची घडी रुमालासारखी होते. बाबूजी येऊन खाटेवर बसायचे आणि विचारायचे, घरी पोरं किती, आई कशी आहे. माझ्या आईसाठी त्यांनी लुगडं दिलं. एवढ्या मायेने मला आयुष्यात कोणी वागवलं नसेल. आणि हातात छिन्नी.

जपानी इंजिन आम्ही साखळीने उचलून शेडच्या मागे ठेवलं. तिथे सरकीचा ढीग होता. दोन दिवसांत त्यावर कापूस बसला.

दादांना तार केली, गाडी पोचली. खोटं नव्हतं.

निघायच्या दिवशी कांतिभाऊ मला स्टेशनवर सोडायला स्वतः आले, त्याच गाडीने. वाटेत बाजार होता. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते, पोरं मागे धावत होती, कोणी "जपान, जपान" म्हणून ओरडलं. कांतिभाऊ सगळ्यांना हात करत होते. त्यांचा चेहरा एवढा खुललेला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. पुढून अँबॅसडरचा तो ओळखीचा, पोट भरल्यासारखा घर्घर आवाज येत होता, बारा वर्षं रोज ऐकलेला. चढावर ती थोडी दमली.

"पहिल्यापेक्षा जरा जड झाली का हो?" त्यांनी विचारलं. "मला काही कळत नाही. मी तुमची ती पहिली चालवलीच नाही ना. तुम्ही चालवलीय, तुम्हीच सांगा. काही फरक आहे?"

स्टेशन समोर दिसत होतं. मांडीवर आईचं लुगडं होतं आणि वाटेत खायला बांधून दिलेला डबा.

"काही नाही, भाऊ," मी म्हटलं. "अशीच होती."